वापसी

सावद्याच्या वजनकाट्यावर
संध्याकाळी साडेसहानंतर गाड्या विरळ होतात,
तेव्हा तन्वीर पिंजारी मला शिकवतो.
तो चोवीस वर्षांचा, मी एकोणपन्नास.
तो मला मॅडम म्हणतो, मी त्याला अरे.

पहिल्या दिवशी मी बारा टनांत तेरा टन मिळवले.
पडद्यावर आलं: बाराशे तेरा.
दोन गाड्यांत एवढा माल! चाकं राहिली असती का?
तन्वीर हसला नाही. म्हणाला,
अवतरणात ठेवलेला आकडा आकडा नसतो, मॅडम,
त्याचा शब्द होतो.
शब्द एकमेकांना चिकटतात, बेरीज होत नाही त्यांची.
फैजपूरच्या बसमध्ये मी हेच पुटपुटत बसले
कंडक्टरने सुटे मागेपर्यंत.

मग यादी. यादी शून्यापासून मोजायची,
हे सांगताना तो जरा लाजला,
जणू त्यानेच ठरवलंय.
मी म्हटलं, माझा बाप ज्वारी मोजायचा
तेव्हा पहिल्या मापाला एक म्हणायचा नाही.
लाभ, म्हणायचा.
मग दोन. मग तीन.
तन्वीरने ते वहीत लिहून घेतलं.

गिटला वेळ लागला.
जतन करणं मला ठाऊक होतं:
हिशोब, हिशोब नवा, हिशोब नवा दोन,
हिशोब खरा शेवटचा.
तो म्हणाला, फाइल एकच ठेवा, तिचे दिवस ठेवा.
थांबायचं, काय बदललं ते एका ओळीत लिहायचं,
कमिट करायचं.
मी लिहिलं, 'बदल केले.'
असं नाही. सहा महिन्यांनी तुम्हालाच कळायला हवं.
मी लिहिलं, 'कोट काढले, आता बेरीज बरोबर येते.'
चुकीची एवढी सरळ नोंद
मी कुठल्याच वहीत केली नव्हती.

ब्रँच मात्र लगेच समजली.
केळ उभी असतानाच बुडातून पील फुटतं,
एक राखायचं, बाकीची विळ्याने उडवायची.
मी तीन राखली.
मर्ज करताना जुंपली:
वर माझी कालची ओळ, खाली माझीच परवाची,
मधे बरोबरच्या खुणांचं कुंपण,
आणि निवाडा माझ्यावर.

रिव्हर्टला आपल्याकडे काय म्हणायचं, त्याने विचारलं.
मी म्हटलं, रोज फोनवर भाव येतो ना,
नवती इतकी, पिलबाग इतकी, वापसी इतकी.
वापसी.
तिलाही भाव असतो. कमी, पण असतो.

आणि मग त्याने ब्लेम दाखवलं.
प्रत्येक ओळीसमोर नाव, तारीख, वेळ.
ही कुणी लिहिली. कधी लिहिली.
मी म्हटलं, पुरे आज, डोळे दुखतात.

२००७चं रजिस्टर, फेब्रुवारी महिना.
एका सतराचे मी ब्लेडने अकरा केलेत.
शेठ पाठीशी उभे होते.
सुभान तडवीच्या सहा खेपा त्यात गेल्या.
अंगठा उठवून तो बोट टोपीला पुसत निघाला,
पुढे पालकडे गेला म्हणे.
कागद तिथे अजून पातळ आहे,
उजेडात धरला तर मागच्या पानावरचा आकडा दिसतो.
समोर नाव नाही. कुणाचंच.

काल तन्वीर चहा आणायला गेला
तेव्हा मी नवी फाइल उघडली.
एकच ओळ. सतरा, अवतरणाशिवाय.
संदेशाला मात्र वेळ लागला.
'अकराचे सतरा केले. सतराचे अकराही मीच केले होते.'
एंटर.
पुश करायला हात धजला नाही.

त्याने कप ठेवला, विचारलं, काही अडलं का?
नाही रे.

आज स्टेटस विचारलं, तर म्हणतं,
तुमची शाखा एका कमिटने पुढे आहे.
बाहेर कुणीतरी हॉर्न दिला.
मी उठले,
रिकाम्या गाडीचं वजन लिहून घेतलं.